डेथब्लो म्हणजे नेमका कोणता घाव

कोर्टात तिला सगळे रेडिओबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. कोर्टाचं काम इंग्रजीत चालायचं आणि ज्यांच्यावर ते चालायचं त्यांना इंग्रजीचा गंध नसायचा. मध्ये बाई बसायच्या. एका बाजूनं इंग्रजी आत गेलं की दुसऱ्या बाजूनं मराठी बाहेर, आणि तसंच उलट. चेहरा हलायचा नाही, आवाज चढायचा नाही. साक्षीदार हुंदके देऊन रडला तरी बाई हुंदके तिथंच ठेवून शब्द तेवढे पुढे करायच्या. एकदा एका आरोपीनं चिडून न्यायाधीशांना आईवरून शिवी घातली. बाईंनी ती, पोस्टमननं टपाल द्यावं तशी, इंग्रजीत न्यायाधीशांच्या हवाली केली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं तेव्हा म्हणाल्या, "साहेब, त्याची आहे. माझी नव्हे."

त्यामुळे ज्या दिवशी बाई भर कोर्टात भडकल्या, त्या दिवशी दारातला डुलक्या घेणारा शिपाईसुद्धा दचकून उभा राहिला.

हे इंग्रजी बाईंनी शाळेत कमावलेलं नव्हतं. त्यांची आई इस्पितळात फरशी पुसायची. मुलीला घरी बघणारं कोणी नव्हतं, म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायची. तिथल्या नर्सेस लांबून आलेल्या, त्यांची आपापसातली भाषा इंग्रजी. पोरीच्या कानावर ती पडत गेली आणि एक दिवस तोंडात आली. मग डॉक्टरांना ती सापडलीच. या म्हातारबांना विचार कुठं दुखतंय, त्या बाईला सांग की गोळी जेवल्यावर घ्यायची. बाकीच्या पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या त्या वयात हिला मूळव्याधीपासून मिरगीपर्यंत सगळं दोन्ही भाषांत सांगता येत होतं.

एकदा एका डॉक्टरनं तिला खाटेवरच्या बाईपाशी नेलं आणि सांगितलं की हिला सांग, बाळ वाचलं नाही. असं कसं सांगतात ते त्या पोरीला कुठं माहीत? घरात तेल संपलं, मीठ संपलं म्हणतात, तसं ती म्हणाली, "तुमचं बाळ संपलं." त्या बाईनं उठून तिच्या थोबाडीत दिली. डॉक्टर पुटपुटत निघून गेला. आईनं ओलं फडकं बादलीत टाकलं, पोरीला जवळ ओढलं, पण कुरवाळलं नाही. म्हणाली, "दुसऱ्याचं दुःख सांगायला गेलीस तर कधीतरी तुला लागणारच. रडू नकोस. पण पुढच्या वेळी शब्द नीट शोधून ने. अर्धवट नेऊ नकोस."

तेव्हापासून बाई शब्द शोधत आल्या. मोठेपणी कोर्टाच्या दुभाषांच्या यादीत नाव लागलं, लग्न झालं. नवरा शिंपी, मितभाषी माणूस, तोंडात टाचण्या धरून काम करायचा त्यामुळे बोलणं तसंही कमीच. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग तो गोदामाचा खटला उभा राहिला.

खटला असा. कापडाच्या घाऊक बाजारात एक मोठं गोदाम होतं. एक तरुण टेम्पोवाला तिथं गाठी आणून टाकायचा. एका दुपारी एक गाठ कमी भरली. गोदामवाल्या शेठनं टेम्पोवाल्यालाच चोर ठरवलं आणि आत बोलावून मारायला सुरुवात केली. शेठ, त्याचा जावई आणि हमालांचा मुकादम, तिघांनी हात धुऊन घेतले. चौथा होता वॉचमन. त्यानं फक्त शटर खाली ओढलं. टेम्पोवाला त्याच संध्याकाळी इस्पितळात दगावला. आणि ती गाठ? ती चुकून शेजारच्याच दुकानात उतरली होती. दुसऱ्या दिवशी त्या दुकानदारानं प्रामाणिकपणे आणून दिली.

मेलेल्याला आईबाप नव्हते. एक थोरली बहीण होती. गोदामाच्या बरोबर समोर तिचं इस्त्रीचं दुकान, दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. खटल्यात मुख्य साक्ष तिची. तिच्यासाठी रेडिओबाईंची नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी डॉक्टरची साक्ष होती. अंगभर मार होता, डॉक्टर म्हणाले, पण जीव गेला तो डोक्याच्या मागच्या बाजूला बसलेल्या एका घावानं. त्यासाठी त्यांनी इंग्रजी शब्द वापरला: डेथब्लो. झालं. चार आरोपींचे चार वकील, एरवी एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, पण त्या एका शब्दावर चौघे तुटून पडले. एकाचा आरोपी फक्त पायावर मारत होता. दुसऱ्याच्यानं नुसती कानफटात दिली होती. तिसऱ्याचा तर म्हणे सोडवायला गेला होता. मग डेथब्लो कोणाचा? दाखवा! तो कोणाचा ते ठरत नसेल तर खून कोणी केला ते तरी कसं ठरणार?

बाई इस्त्रीवालीच्या शेजारी बसून हळू आवाजात सगळं मराठीत सांगत होत्या. त्या शब्दाला त्यांनी मनात चारपाच शब्द लावून पाहिले. प्राणघातक आघात म्हणावं तर पोथीतलं वाटत होतं. वर्मी घाव म्हणावं, तर मराठीत वर्मी लागतं ते बहुतेक वेळा बोलणंच. शेवटी त्या म्हणाल्या, "जीवघेणा घाव."

"म्हणजे?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"ज्यानं माणूस मरतो तो घाव."

"आणि बाकीचे कशासाठी मारले मग?"

दुभाषानं उत्तर द्यायचं नसतं.

मधल्या सुट्टीत बाई व्हरांड्यात पाणी प्यायला गेल्या. शेठचा वकील, पिकल्या केसांचा, भारदस्त आवाजाचा, चहाचा कप हातात घेऊन दुसऱ्या वकिलाशी कालच्या सामन्यावर बोलत होता. तो हसत म्हणाला, "दुसरा गोल झाला ना, तोच डेथब्लो. तिथंच संपला सामना." यात त्याचं काही चुकत होतं असं नाही. इंग्रजीत तो शब्द असाच वापरतात. हरलेल्या संघाला डेथब्लो बसतो, पडलेल्या सरकारला बसतो, बंद पडलेल्या कारखान्याला बसतो. बाईंनी हे सगळं हजारदा वाचलं होतं आणि ऐकलंही होतं. पण त्या दिवशी त्यांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. आत त्याच तोंडानं हा माणूस तोच शब्द एका मेलेल्या पोराच्या डोक्यावर तोलत होता, आणि बाहेर येऊन त्यानंच फुटबॉल खेळत होता.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली साक्षीला उभी राहिली. काटकुळी बाई, मनगटावर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग. तिनं सरळ सांगितलं. ती कॉलरवर इस्त्री फिरवत होती, समोर आरडाओरडा झाला, भावाचा आवाज ओळखू आला म्हणून ती रस्ता ओलांडून धावली. शटर अर्धं वर होतं. भाऊ गुडघ्यावर होता. "शेठ, गाठींचं चलान तरी बघा," म्हणत होता. वॉचमननं हिला येताना बघितलं आणि तिच्या तोंडावर शटर खाली ओढलं. ती हात दुखेस्तोवर शटर बडवत राहिली. आत काय झालं ते फक्त ऐकू आलं.

पिकल्या केसांचा वकील उठला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. बाई त्याचं सगळं मराठीत पोचवत होत्या.

"म्हणजे डेथब्लो तुम्ही पाहिला नाही."

"नाही. बघू दिला नाही."

"मग तो कोणी मारला हे तुम्हाला सांगता येणार नाही."

"येईल की," इस्त्रीवाली म्हणाली, आणि तिनं बोट केलं. "यानं."

बोट वॉचमनकडे होतं. वकील हसला. वॉचमनचा वकीलही हसला. "पण बाई," पिकल्या केसांचा म्हणाला, "यानं तर तुमच्या भावाला बोटसुद्धा लावलं नाही. नुसतं शटर ओढलं, असं तुम्हीच आत्ता म्हणालात."

"शटर वर होतं तोवर माझा भाऊ जिवंत होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "बाहेर रस्ता होता. माणसं होती. मी होते. तो गुडघ्यावर होता पण बोलत होता, उठला असता, पळाला असता. यानं शटर ओढलं. तोच घाव. पुढं त्यांनी मारलं ते मेलेल्याला मारलं."

कोर्टातल्या निम्म्यांना अजून काही कळलंच नव्हतं, ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनी एकेक वाक्य नीट उचलून इंग्रजीत मांडलं. आणि शेवटी म्हणाल्या, शटर ओढणं हाच डेथब्लो होता.

"हरकत आहे!" पिकल्या केसांचा वकील गरजला. "साक्षीदार ‘घाव’ म्हणाली. एवढं मराठी मलाही कळतं. घाव म्हणजे ब्लो. त्याच्यापुढं डेथ दुभाषीबाईंनी स्वतःच्या पिशवीतून काढून लावलं."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी बाईंकडे वळून विचारलं, "बाई, साक्षीदार नेमकं काय म्हणाली?"

बाईंनी खरं तेच सांगितलं. शब्द ‘घाव’ होता. पण कोणता घाव असा प्रश्न होता, आणि कालपासून ज्या घावाबद्दल प्रश्न चालला होता तोच हा, असं तिचं म्हणणं होतं.

"तिचं म्हणणं काय ते तुम्ही ठरवायचं नाही," वकील म्हणाला. "हा वजनदार शब्द आहे. त्याला कायद्यात अर्थ आहे. तो असा कोणाच्याही तोंडी देता येत नाही."

कोणाच्याही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उभ्या राहिल्या. दुभाषानं उभं राहायचं नसतं.

"साहेब," त्या न्यायाधीशांना इंग्रजीत म्हणाल्या, आणि आवाज इतका मोठा होता की त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही, "काल दिवसभर हा शब्द मी यांच्या तोंडातून उचलून हिच्या कानात टाकला. वाटेल तितक्या वेळा टाकला. तेव्हा कोणाला तो जड वाटला नाही. बाहेर चहाच्या कपावर यांनी तो सामन्यासाठी वापरला, तेव्हाही जड नव्हता. आज पहिल्यांदा तो हिच्याकडून यांच्याकडे निघाला, तर लगेच वजन करायला तराजू आणलात? भाऊ हिचा मेला. शब्द वापरायची परवानगी मात्र यांची!"

मग इस्त्रीवालीकडे वळून हेच सगळं त्यांनी मराठीत सांगितलं, कारण तिला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "बरोबर आहे."

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. बाईंना समज दिली, या खटल्यातून काढून टाकलं, साक्षीतलं ते वाक्य वगळायला सांगितलं आणि दुसरा दुभाषी बोलावला. शिपायानं बाईंना दारापर्यंत सोडलं. दार त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं.

घरी आल्यावर बाईंनी भांडी अशी आदळली की शिंपीदादांनी मशीन थांबवून तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण ती डेथब्लो म्हणाली होती का?"

"शब्द म्हणाली नव्हती. अर्थ तोच होता."

"मग वकील अगदीच खोटं बोलत नव्हता."

"नाही ना!" बाई किंचाळल्या. "तेच तर! तो खोटं बोलत असता तर मला एवढा राग आला असता का? त्याचं म्हणणं बरोबर आणि त्याचा हेतू नीच. आता याचं काय करायचं सांगा!"

शिंपीदादांनी चहा टाकला. तो बरा झाला नव्हता.

थोड्या दिवसांनी कार्यालयातून निरोप आला. माफीपत्र लिहून द्या, शब्दाची निवड चुकली असं कबूल करा, यादीत नाव कायम राहील. बाई गेल्या, कागद वाचला, आणि टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "उभी राहिले त्याची माफी मागते. ओरडले त्याचीही. शब्दाची मागणार नाही." तो म्हणाला, असं अर्धं चालत नाही. बाई म्हणाल्या, मग राहू दे. यादीतून नाव गेलं.

निकालाच्या दिवशी बाई मागच्या बाकावर, लोकांत बसल्या होत्या. न्यायाधीशांनी इंग्रजीत बराच वेळ वाचलं. शेठ, जावई आणि मुकादम मारहाणीचे दोषी. खुनाचा आरोप सिद्ध होत नाही, कारण डेथब्लो कोणाचा हे पुराव्यानं ठरत नाही. शिक्षा हलकी. वॉचमन निर्दोष; त्यानं मयताला स्पर्शही केला नव्हता. वाचून न्यायाधीश उठून आत गेले. नवा दुभाषी, गोरापान, घाबरट तरुण, इस्त्रीवालीच्या कानाशी लागून म्हणाला, "तिघांना शिक्षा झाली. बाकी पुरावा थोडा कमी पडला."

इस्त्रीवाली वळली. एवढ्या गर्दीतून तिनं मागच्या बाकाकडे बघून मोठ्यानं विचारलं, "बाई, काय म्हणाले? तुम्ही सांगा."

बाईंना बोलायचा काहीएक अधिकार नव्हता. त्या बाकावरून उठल्या आणि तिथूनच बोलल्या. "म्हणाले, तिघांनी मारलं. जीव कोणी घेतला ते कळत नाही म्हणाले, म्हणून कोणीच घेतला नाही असं धरलं. शटर ओढणारा सुटला. हात लावला नव्हता म्हणाले."

पोलीस पुढे आला. "बाई, चला, बाहेर चला."

"चाललेच आहे," बाई म्हणाल्या. "तिनं विचारलं, मी सांगितलं. गुन्हा आहे का?"

दुसऱ्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी आली. खटल्यामुळे महिनोन्‌महिने कापडबाजारातला व्यवहार मंदावला, व्यापारी हवालदिल झाले, असं काहीबाही. वर ठळक अक्षरांत मथळा: गोदाम खटल्यामुळे कापडबाजाराला डेथब्लो.

बाईंनी चप्पल घातली. शिंपीदादांनी विचारलंसुद्धा नाही कुठं निघालीस म्हणून.

वर्तमानपत्राच्या कचेरीत मथळा लिहिणारा उपसंपादक सापडला. चांगला मुलगा होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी मथळ्यावर बोट ठेवलं. "यात मेला कोण?"

"कोणी नाही, बाई. बोलायची पद्धत आहे ती. म्हणजे धंदा बसला."

"धंदा उद्या उठेल. शटर वर केलं की धंदा उठतो. ज्याला खरंच बसला, त्याच्यासाठी भर कोर्टात हा शब्द मिळाला नाही हो! मागितला तर काढून घेतला. आणि तुम्ही तो बाजाराला फुकट वाटलात?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, मथळ्याला जागा कमी असते, छोटा शब्द लागतो. मग म्हणाला, संपादकांना पत्र लिहा, छापू. बाईंनी तिथंच बसून लिहिलं. चार दिवसांनी ते छापून आलं. मेलेल्याचा उल्लेख कापला होता, शटरचा कापला होता. उरल्या होत्या दोन ओळी, आणि त्यावर ‘भाषेचा अचूक वापर’ असं शीर्षक. खालच्या पत्रात कोणीतरी शब्दकोड्यातली चूक दाखवली होती.

बाई ते पान घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेल्या. दोघी तिथं पहिल्यांदाच नीट समोरासमोर बसल्या. बाईंनी वाचून दाखवलं, काय कापलं तेही सांगितलं. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली.

"कोर्टाच्या कागदात माझं काय लिहिलंय?" तिनं विचारलं. "त्या नव्या पोरानं काय सांगितलं तिथं?"

ते बाईंनी आधीच काढून ठेवलं होतं. तिची साक्ष दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा त्या तरुणानं तिचं सगळं बोलणं एका ओळीत गुंडाळलं होतं. वॉचमननं दार लावून घेतलं, असं साक्षीदाराचं म्हणणं आहे. बस्स.

इस्त्रीवालीनं एक शिवी हासडली, अस्सल, लांबलचक. बाईंना ती इंग्रजीत कशी नेता येईल याचा विचार करायचीही इच्छा झाली नाही. त्यांनीही एक हासडली. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःची.

आता वरच्या कोर्टात अपील आहे. त्यात एक अर्ज बाईंनी लिहिलेला आहे, साक्षीचं भाषांतर चुकीचं नोंदलं गेलं, कोर्टात झालेलं मूळ ध्वनिमुद्रण ऐकून दुरुस्त करावं असा. त्यासाठी इस्त्रीचं दुकान बंद ठेवून दोघी त्या कोर्टाच्या इमारतीत चकरा मारतात. एका खिडकीवर शिक्का नाही म्हणतात, दुसरीवर जेवणाची सुट्टी. ध्वनिमुद्रण सापडत नाही असंही एकानं सांगून पाहिलं. बाईंनी त्याला त्याच्याच वरिष्ठाच्या खोलीत नेऊन उभं केलं, तेव्हा ते सापडलं. अर्जाचं काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. बाई म्हणतात, बहुधा फेटाळतील. तरी जातात.

परवा जिन्यावर धापा टाकत बसल्या असताना इस्त्रीवालीनं विचारलं, "तुमचं काम गेलं, नाव गेलं. माझा भाऊ तुम्ही कधी बघितलाही नव्हता. एवढं कशाला करताय?"

बाईंनी पदरानं मान पुसली. "मला राग आलाय म्हणून."

"मग ठीक आहे," इस्त्रीवाली उठत म्हणाली. "कीव येत असती तर नको होतं."

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला, तशा दोघी कागद सावरून उरलेल्या पायऱ्या चढल्या आणि रांगेत पुढं घुसल्या.